छोट्या मोटरला कोणता स्पीड कंट्रोलर लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीतल्या आमच्या वाइंडिंगच्या दुकानात वर्षभर मोटरी येतात. ऊन तापलं की कुलर, पेरण्या आटोपल्या की फवारणीचे पंप, मधेमधे कडबाकुट्टी, शेवयांचं मशीन, शिलाई मशीन. यातल्या कितीतरी मोटरी झिजून गेलेल्या नसतात, चुकीच्या कंट्रोलरने जळालेल्या असतात. नवी मोटर घेण्याचा किंवा जुनी भरून (पुन्हा वाइंडिंग करून) घेण्याचा तो खर्च टळू शकतो, म्हणून फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘छोटी मोटर’ म्हणजे इथे साधारण दोन एचपीपर्यंतची. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. दादा, मोटरचा स्पीड कमी करायचाय. बाजारात सगळ्यात चांगला कंट्रोलर कोणता?

आधी मोटरची जात सांगा, त्याशिवाय उत्तर देता येत नाही. बॅटरीवरच्या कार्बनवाल्या डीसी मोटरला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लागतो, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून वेग बदलणारा. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन यांच्या कार्बनवाल्या एसी मोटरला ट्रायॅकचा (एसी वीज तुटक करून कमी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) डिमर चालतो. थ्री फेज मोटरला व्हीएफडी लागतो, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह. बीएलडीसी (कार्बन नसलेल्या डीसी) मोटरला तिचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. सिंगल फेज कंडेन्सरवाली मोटर पंख्याची असेल तर रेग्युलेटर चालतो, गिरणीची असेल तर चालत नाही (प्रश्न ९). एका जातीचा कंट्रोलर दुसऱ्या जातीच्या मोटरला लावला, तर तो कितीही महागाचा असला तरी दोन्हींपैकी एक जळणार.

२. प्लेट पुसून गेलीय. मोटर कोणत्या जातीची हे घरच्या घरी कसं ओळखू?

मोटरच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन टोप्या दिसतात का बघा. स्क्रू ड्रायव्हरने उघडल्यावर आत स्प्रिंग आणि काळा कार्बन निघाला तर ती कार्बनवाली मोटर. आता वीज काढून शाफ्ट हाताने फिरवा. अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरत असेल तर आत चुंबक आहे, म्हणजे ती डीसी. मोकळा फिरत असेल आणि जाळीतून बाहेरच्या बाजूलाही तांब्याची कॉइल दिसत असेल तर ती मिक्सरच्या जातीची, जिला युनिव्हर्सल म्हणतात.

कार्बन नाही, पण अंगावर कंडेन्सरचा डबा आहे, तर सिंगल फेज इंडक्शन. कार्बन नाही, कंडेन्सर नाही, डब्यात तीन किंवा सहा टोकं आहेत, तर थ्री फेज. तीन जाड वायरी आणि सोबत पाच बारीक वायरी बाहेर आल्या असतील तर बीएलडीसी. अजूनही शंका असेल तर फोटो घेऊन जवळच्या वाइंडिंगवाल्याला दाखवा. त्याला एका नजरेत कळतं.

३. प्लेट वाचता येते. तिच्यावरचं नेमकं काय बघायचं?

व्होल्ट, अँपिअर, आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि एचपी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. डीसी मोटरवर अँपिअर छापलेले नसतील तर वॅटला व्होल्टने भागा, पण येईल त्यात पंचवीस-तीस टक्के वाढवा, कारण प्लेटवरचे वॅट शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचे असतात आणि मोटर त्यापेक्षा जास्त ओढते. ई-सायकलला लागणारी २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटर घ्या. भागाकार १०.४ येतो, पण फुल लोडवर ती तेरा अँपिअरच्या वर जाते.

चालू मोटरचे अँपिअर क्लॅम्प मीटरने मोजणार असाल तर एक काळजी घ्या. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसीच मोजतात. डीसीच्या वायरीवर ते शून्य दाखवतात, आणि त्यावरून माणूस मोटर काहीच ओढत नाही असं धरून बसतो.

४. माझी मोटर ५ अँपिअरची आहे. मग ५ अँपिअरचा कंट्रोलर पुरेल ना?

नाही पुरणार. बहुतेकांची चूक इथेच होते. प्लेटवरचे ५ अँपिअर हे मोटर पळत असतानाचे. डीसी मोटर थांबलेली असते तेव्हा तिला अडवायला फक्त आर्मेचरच्या (आतल्या फिरणाऱ्या भागाच्या) कॉइलचा रेझिस्टन्स असतो, आणि तो फार थोडा. सुरू होण्याच्या क्षणी आणि जाम झाल्यावर ती कित्येक पट करंट ओढते. कंट्रोलर जळतो तो याच वेळी.

तो आकडा घरी काढता येतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर बल्ब आणि मोटर एकामागे एक, सिरीजमध्ये जोडा. बल्बमुळे करंट मर्यादेत राहतो, म्हणून शाफ्ट हाताने सहज धरून ठेवता येतो. आता करंट मोजा आणि मोटरच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा. परवा एका मोटरवर मला १.७ अँपिअर आणि ०.८५ व्होल्ट मिळाले. ०.८५ ला १.७ ने भागलं की ०.५ ओहम. १२ व्होल्टला ०.५ ने भागा, आले २४ अँपिअर. प्लेटवर ५ असलेली ही मोटर जाम झाली की २४ मागणार. शाफ्ट थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा आणि सगळ्यात कमी ओहम धरा, कारण कार्बन कुठल्या पट्टीवर बसलाय त्यावर आकडा बदलतो.

अशा मोटरला १० अँपिअर सतत झेपेल असा कंट्रोलर घ्या, आणि त्यात करंट लिमिट असल्याची खात्री करा. करंट लिमिट नसेल तर काही क्षण २५-३० अँपिअर सहन करणारा घ्या. ‘सॉफ्ट स्टार्ट’ असलेला कंट्रोलर सुरू होतानाचा धक्का कमी करतो, पण मधेच जाम झालेल्या मोटरपासून तो वाचवत नाही. ते काम फ्यूजचं (प्रश्न १७).

५. ३० अँपिअर लिहिलेला कंट्रोलर १५ अँपिअरलाच जळाला. दुकानदाराने फसवलं का?

दुकानदार बहुतेक वेळा खोक्यावरचंच वाचून सांगतो. पॅकवरचे ३० अँपिअर पुष्कळदा क्षणभराचे असतात. ‘सतत किती’ हे वेगळं विचारावं लागतं आणि ते छापलेलं नसेल तर निम्मे धरावेत.

कारण उष्णता. या कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा आयआरएफ ३२०५ नावाचा मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, असतो. त्याच्या कागदावर ११० अँपिअर लिहिलेले असतात. पूर्ण चालू असताना त्याचा रेझिस्टन्स ०.००८ ओहम. १० अँपिअरला त्यात ०.८ वॅट उष्णता होते, २० अँपिअरला ३.२ वॅट. करंट दुप्पट, उष्णता चौपट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर तो दर वॅटमागे साधारण ६२ अंश तापतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश असतात. म्हणजे १० अँपिअरला तो पंचाण्णवच्या घरात जातो, आणि २० अँपिअरला २४० च्या. त्याची मर्यादा १७५ आहे. दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होण्यात जी उष्णता निघते ती अजून यात धरलेलीच नाही.

म्हणून विकत घेताना आकड्याआधी हीटसिंक बघा. हाताला जड लागतो का? वायर लावायचे स्क्रू जाड वायर घेतील एवढे आहेत का? बोर्डावर तांब्याच्या पट्ट्यांवर कथील चढवलंय का? दोन-अडीच एमएमचे बारीक स्क्रू असलेला बोर्ड ३० अँपिअर नेऊच शकत नाही. आणि तो बंद पत्र्याच्या डब्यात घालून उन्हात ठेवू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, सरकीचा कापूस, गिरणीचं पीठ हीटसिंकच्या फटीत बसलं की गोधडी पांघरल्यासारखं होतं. महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा.

६. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा कंट्रोलर, बरोबर ना?

नाव १२ असलं तरी चार्जिंग चालू असताना लेड अॅसिड बॅटरी १४.४ पर्यंत जाते. २४ ची २८.८, ४८ ची ५७.६. कंट्रोलरची कमाल मर्यादा याच्या वर पाहिजे. सोलरचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १९ मध्ये.

७. फवारणी पंपाचा रेग्युलेटर दर सीझनला जातो. भारी कुठला टाकू?

पाठीवरच्या बॅटरी पंपात १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर असते, तिला पीडब्ल्यूएम कंट्रोलरच लागतो. पण दर वर्षी तो का जातो हे आधी बघितलं पाहिजे, नाहीतर भारी टाकला तरी तोच हिशेब.

असा पंप उघडला की पहिल्यांदा औषधाचा वास येतो. मग दिसतात हिरवट पांढरे क्षार चढलेली टोकं. टाकीच्या तळाशी पाइपचं जॉइंट थेंब थेंब गळत असतं आणि रेग्युलेटर नेमका त्याच्या खाली बसवलेला असतो. औषध बोर्डावर पडतं, टोकं गंजतात, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. कंट्रोलरची काही चूक नसते. आधी गळती काढा. नवा बोर्ड टाकीच्या बुडापासून वर, बाजूला बसवा. वायरी खालून आत येऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी डब्यात शिरणार नाही.

दुसरं म्हणजे, बरेचदा बोर्ड धडधाकट असतो आणि फक्त फिरवायचा नॉब, म्हणजे पोटेन्शिओमीटर, खराब झालेला असतो. नॉब एका जागी चालतो, दुसऱ्या जागी मोटर हिसके देते, अशी लक्षणं असतील तर जुन्यावर छापलेल्या किमतीचा नॉब बदलून घ्या. किरकोळ पैशात काम होतं.

नवा घ्यायचाच असेल तर यातल्या बहुतेक पंपांना १० अँपिअर सतत झेपणारा पुरतो. तरी प्रश्न ४ ची चाचणी करून घ्या.

शेताचा मुद्दाही सांगतो, कारण शेवटी पंप पिकासाठी आहे. स्पीड कमी केला की दाब कमी होतो, थेंब मोठे पडतात. तणनाशक मारताना ते बरं, औषध वाऱ्याने शेजारच्या पिकावर जात नाही. पण कपाशीवर पानांच्या मागे लपलेल्या किडीसाठी बारीक थेंब लागतात. तिथे बॅटरी वाचवायला नॉब कमी ठेवला तर औषध वाया जातं.

८. कुलरला घरातला पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?

रेग्युलेटर त्या वॅटचा असेल तर कुलरच्या पंख्याला चालतो. घरातल्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर साधारण शंभर वॅटसाठी असतो आणि मोठ्या लोखंडी कुलरची मोटर त्याच्या दुप्पटही ओढते. म्हणून आधी मोटरची प्लेट बघा. मोटरमधून चार-पाच वायरी बाहेर आल्या असतील तर तिला स्पीडचे टप्पे कॉइलमध्येच दिलेले आहेत. तिला रेग्युलेटर लावूच नका, तीन टप्प्यांचा रोटरी स्विच लावा. तो स्वस्त आहे आणि मोटरही थंड राहते.

एक चूक मी दर उन्हाळ्यात बघतो. कुलरच्या आतल्या सगळ्या वायरी एकत्र करून त्या रेग्युलेटरवर घेतात. मग पंखा हळू केला की पाण्याचा छोटा पंपही कमी व्होल्टेजवर जातो, पाणी वरपर्यंत चढत नाही, पंप तापून बसतो. पंप आणि झुलत्या पट्ट्यांची मोटर थेट खटक्यावर ठेवा, रेग्युलेटरवर फक्त पंखा.

९. पंख्याला रेग्युलेटर चालतो, मग गिरणीला का नाही? फिरवला तर मोटर नुसती गुणगुणायली.

इंडक्शन मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही. तो ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर आणि पोलच्या (वाइंडिंगने तयार होणाऱ्या चुंबकी ध्रुवांच्या) संख्येवर. आपली वीज ५० हर्ट्झची. चार पोलची मोटर असेल तर १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५००. लोडवर ती थोडी मागे पडून १४४० च्या आसपास फिरते. तुम्ही व्होल्टेज कमी केलंत तरी १५०० चा आकडा तिथेच राहतो, कमी होते ती ताकद. तीही वर्गाने: व्होल्टेज निम्मं केलं तर ताकद पाव.

पंख्याचं पातं हळू फिरलं की त्याला हवेचा विरोधही फार कमी होतो. त्यामुळे कमजोर झालेली मोटर कमी वेगावर जमवून घेते. गिरणीच्या दगडाचं तसं नाही. त्यात दाणे आहेत तोवर तो हळू फिरला तरी तेवढाच जोर मागतो. मोटर दमते, मागे पडते, जास्त करंट ओढते आणि थांबली की पाच-सहा पट करंटवर गुणगुणत बसते. दोन-चार मिनिटांत वाइंडिंगचा वार्निश जळाल्याचा वास येतो.

संध्याकाळी गावात व्होल्टेज १७० वर आलं की गिरणी का अडते, त्याचं कारणही हेच. २३० च्या जागी १७० म्हणजे ताकद जेमतेम ५५ टक्के. त्या वेळी दळण थांबवणंच शहाणपणाचं.

१०. मग कडबाकुट्टी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन यांचा वेग कमी कसा करायचा?

पुलीने. जुनी, साधी आणि खात्रीची वाट. मोटर १४४० ची, तिच्यावर ३ इंची पुली आणि मशीनवर ६ इंची पुली, तर मशीन ७२० ने फिरेल आणि जोर दुप्पट मिळेल. कंट्रोलरने वेग कमी करता येतो पण जोर वाढत नाही. एकच ठरावीक वेग हवा असेल तर कंट्रोलरवर पैसे घालवू नका, खराद्याकडून पुली बनवून घ्या.

सेलूकडचे एक काका दोन एचपीची कुट्टीची मोटर घेऊन आले होते. सोबत ४००० वॅट छापलेला, ऑनलाइन मागवलेला तळहाताएवढा डिमर. त्यांना वाटलं दोन एचपी म्हणजे पंधराशे वॅट, हा तर दुपटीहून मोठा. वॅटचा हिशेब बरोबर होता, जात चुकली होती. मोटर पूर्ण भरावी लागली.

वेग सारखा बदलावा लागणार असेल, म्हणजे शेवयांच्या पिठाप्रमाणे कमी-जास्त, तर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी अशी जोडी घ्या (प्रश्न १२).

११. आहे त्याच सिंगल फेज मोटरला व्हीएफडी लावता येत नाही का?

सर्वसाधारण उत्तर: नका लावू. कंडेन्सर स्टार्ट मोटरमध्ये आत एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर साधारण तीन चतुर्थांश वेगाला पोचली की तो सुरुवातीची कॉइल तोडतो. व्हीएफडीने वेग त्याच्या खाली नेला की स्विच पुन्हा जोडला जातो, आणि काही सेकंदांसाठी बनवलेली बारीक तारेची कॉइल सतत चालून जळते. व्हीएफडीलाही कंडेन्सरचा भार सोसत नाही. पंख्यासारख्या हलक्या लोडसाठी सिंगल फेज आउटपुटचे खास ड्राइव्ह मिळतात, पण गिरणी-कुट्टीसाठी त्या वाटेला जाऊ नका.

१२. घरी सिंगल फेजच आहे. थ्री फेज मोटर चालेल?

चालेल, आणि मला हा सगळ्यात आवडता उपाय वाटतो. सिंगल फेज २३० घेऊन थ्री फेज २३० देणारे व्हीएफडी साधारण तीन एचपीपर्यंत सहज मिळतात. मोटर धक्का न देता सुरू होते, वेग नॉबने बदलतो, उलटी-सुलटी दिशाही मिळते.

पण एक गोष्ट सांभाळा. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र) जोडलेल्या असतात. व्हीएफडी देणार २३०. मोटर तशीच लावली तर साधारण २८ हर्ट्झपर्यंतच तिला पूर्ण जोर राहतो, त्यापुढे ती फिरते पण लोड घेत नाही. डबा उघडा. सहा टोकं असतील आणि प्लेटवर २४०/४१५ लिहिलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा (तिन्ही कॉइल त्रिकोणात) करा. तीनच वायरी बाहेर असतील तर वाइंडिंगवाला आतला स्टारचा जोड सोडवून सहा टोकं बाहेर काढून देतो. डेल्टात करंट १.७३ पट होतो: स्टारमध्ये १.९ ओढणारी एक एचपीची मोटर ३.३ ओढेल. व्हीएफडीचे आउटपुट अँपिअर त्यावरून निवडा, एचपीवरून नको.

बोर्डाकडून व्हीएफडी मात्र जास्त ओढतो, एक एचपीला आठ-नऊ अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमची वायर काढून अडीचची घाला. अर्थिंग चांगलं हवं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे खटका किंवा कंडेन्सर कधीही नको. झाकण उघडायचं असेल तर वीज बंद करून दहा मिनिटं थांबा, आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात.

१३. व्हीएफडीवर मोटर किती हळू चालवू शकतो?

पंखा किंवा पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर बरीच हळू. पीठ मळणं, शेवया, कन्व्हेयर असा सतत जोराचा लोड असेल तर २०-२५ हर्ट्झच्या खाली फार वेळ नको. मोटरचा थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट हळू झाला की वाराही कमी, करंट मात्र तेवढाच. त्याखाली जायचंच असेल तर मोटरवर वेगळा पंखा बसवा किंवा प्रश्न १० प्रमाणे पुलीने अर्धा वेग आधीच कमी करा.

१४. शिलाई मशीनची मोटर दुसऱ्या कामाला लावायचीय. तिला काय लावू?

तिचा स्वतःचा पायाचा पेडलच उत्तम कंट्रोलर आहे. पैठणला मागावर बसणाऱ्या घरांत कांड्या भरायला हे जमतं: दोन्ही हात रेशमाच्या धाग्याला मोकळे राहतात आणि धागा ताणला की पाय उचलला की झालं. पेडलच्या जागी नॉब हवा असेल तर ट्रायॅकचा डिमर लावा. ड्रिल आणि मिक्सरलाही हाच.

या जातीच्या मोटरला लोड नसताना मोकळी सोडू नका, वेग वाढत वाढत धोक्याला जातो. आणि मोकळी असताना वेग जुळवून ठेवाल तर लोड आल्यावर तो पडेल, हा तिचा स्वभाव आहे.

१५. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर का चालत नाही?

त्याच्या आत स्वतःचा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो. रेग्युलेटरची तुटक वीज त्याला सोसत नाही. भिंतीवरचा रेग्युलेटर काढून थेट जोडा. सुट्या बीएलडीसी मोटरला ड्रायव्हर घेताना व्होल्ट, अँपिअर आणि हॉल सेन्सरच्या (प्रश्न २ मधल्या पाच बारीक) वायरी आहेत की नाहीत, हे तिन्ही जुळवा.

१६. कंट्रोलर लावल्यापासून मोटर शिट्टी वाजवायली. बिघाड आहे का?

बिघाड नाही. पीडब्ल्यूएम कंट्रोलर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि ती गती कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असली की कॉइल शिट्टी वाजवते. २० किलोहर्ट्झच्या आसपासचा कंट्रोलर घेतला तर आवाज जातो, पण मॉसफेट थोडा जास्त तापतो. गोठ्यातल्या यंत्राला आवाज चालतो, घरातल्या यंत्राला शांत घ्या.

१७. वायर आणि फ्यूज कोणता?

अडीचच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.००७ ओहम. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७. १५ अँपिअरला एक व्होल्टच्या वर वायरीतच गेला. २३० ला तो जाणवणार नाही, १२ ला बारावा हिस्सा गेला. म्हणून बॅटरी जवळ ठेवा, नाहीतर चारची किंवा सहाची वायर घ्या.

फ्यूज मोटरच्या चालू करंटच्या दीडपट ते दुप्पट, आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात. ५ अँपिअरच्या मोटरला गाडीतला साडेसात किंवा १० चा पट्टी फ्यूज. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार गुंडाळू नका.

१८. नॉब शून्यावर आणला तरी मोटर फुल स्पीडने पळते. असं कसं?

मॉसफेट किंवा ट्रायॅक बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा तो शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू. म्हणून कुट्टी, करवत, मळणी असं हात जाऊ शकेल असं काहीही असेल तर कंट्रोलरच्या आधी वेगळा, हाताला लगेच सापडेल असा खटका हवाच. नॉब शून्यावर आहे म्हणून पात्यात हात घालायचा नाही. आधी खटका, मग प्लग काढायचा. यात मी कुणालाच सूट देत नाही.

बॅटरीची टोकं उलटी लागली तरी हेच होतं: आतल्या डायोडमधून सरळ शॉर्ट होऊन मॉसफेट जातो. लाल-काळ्या टोकांना वेगवेगळ्या आकाराचे पिन लावा.

१९. सोलर पॅनेलवरून थेट मोटर चालवतोय. ढग आला की थांबते आणि परत सुरूच होत नाही.

पॅनेल बॅटरीसारखं नाही, ते ठरावीक करंटच्या वर देऊ शकत नाही. सुरू होताना मोटर जास्त मागते, पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर बंद पडतो आणि हे चक्र चालत राहतं. मधे बॅटरी ठेवा, किंवा पंपासाठी एमपीपीटीवाला (पॅनेलमधून जास्तीत जास्त ताकद काढणारा) सोलर पंप कंट्रोलर घ्या. शिवाय ३६ सेलचं ‘१२ व्होल्ट’ पॅनेल लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं. १६ व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर त्याला लावला की पहिल्याच उन्हात जातो.

२०. लिथियम बॅटरी टाकल्यापासून मोटर सुरू होताच सगळं बंद पडतं. कंट्रोलर गेला का?

बहुधा कंट्रोलर ठीक आहे. लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाचा संरक्षक बोर्ड असतो. तो १० अँपिअरचा असेल आणि मोटरने क्षणभर २४ मागितले (प्रश्न ४), तर तो पॅक तोडतो. चार्जर लावून काढला की पुन्हा चालू होतो, यावरून ओळखा. सॉफ्ट स्टार्ट आणि करंट लिमिट असलेला कंट्रोलर टाका किंवा मोठ्या बीएमएसचा पॅक घ्या.

२१. अंडी उबवण्याच्या मशीनमध्ये ट्रे फिरवणारी छोटी मोटर आहे. ती आणखी हळू करायचीय, पण डिमरने वेग बदलतच नाही. कंट्रोलर खराब आहे का?

कंट्रोलर बदलत बसू नका. ती चपटी गोल मोटर सिंक्रोनस आहे, कुलरच्या झुलत्या पट्ट्यांना असते तीच. ती विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. व्होल्टेज कमी केलं तर ती त्याच वेगाने फिरते, किंवा एकदम थांबते, मधलं काही नाही. आणि थांबलेली लक्षात आली नाही तर ट्रे एका कुशीवर राहतो, पिल्लू कवचाला चिकटतं आणि सगळी बॅच जाते.

इथे वेग कमी करायची गरजच नसते, गरज असते मधे थांबण्याची. सायक्लिक टायमर लावा: अर्धा फेरा पुरा होईल एवढा वेळ चालू, मग दोन तास बंद. ट्रेच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच बसवले तर वेळ मोजायचीही गरज राहत नाही. आणि मशीनच्या काचेतून दिसेल असा ट्रेला एक रंगीत ठिपका द्या, म्हणजे सकाळी-संध्याकाळी तो कुठल्या बाजूला आहे हे येता-जाता दिसेल.